सरकी ओळीतलं शेवटचं दुकान

आज खांडेनवमी. पूजेला मांडायचे म्हणून सकाळी ब्रश धुवायला बसलो, तर टर्पेंटाइनच्या डब्यावर कापसाचा एवढासा पुंजका येऊन बसला. आश्विन लागला की असं होतं. मोठ्या रस्त्यावरून दर्यापूरकडच्या, नांदगावकडच्या गाड्या पहिल्या वेचणीचा कापूस भरून नव्या बाजाराकडे जातात, आणि वारा त्यातला थोडा आमच्या गल्लीत आणून टाकतो. जुन्या ओळखीच्या घरी माणूस वाट वाकडी करून येतो, तसा तो येतो. ओट्यांवर बसतो, पेटीवाल्या चाचांच्या दाढीत बसतो, आणि माझा रंग ओला असला तर नेमका त्यात बसतो.

ह्या गल्लीचं नाव सरकी ओळ. आता ते माझ्याखेरीज कोणी घेत नाही. बडनेऱ्याला गाडीतून उतरून टांगेवाल्याला 'सरकी ओळीत चल' म्हटलं, की तो मान वळवून विचारतो, "म्हंजे बँडगल्ली काय?" त्यावर मी त्याला काय म्हणतो ते छापण्यासारखं नाही. भाडं मात्र मी त्याच्याकडून कमी करून घेतो. नाव चुकवलं त्याचा दंड.

मी मूळचा दर्यापूरकडचा, माळ्याच्या घरचा. आई आठवडी बाजारात वांगी विकायची. गिऱ्हाइकानं भाव विचारला की ती त्याच्या तोंडाकडे पाहायची नाही, पायांकडे पाहायची. पाय शेजारच्या टोपलीकडे वळलेले असले तर भाव थोडा उतरवायचा. पाय रोवलेले असले तर तोंडानं तो काही का बोलेना, आपण हलायचं नाही. शाळा मी लवकर सोडली, पण हे शिक्षण मला जन्मभर पुरलं.

अमरावतीला आलो तो ह्याच गल्लीत, मार्के कापायला. कापसाच्या गाठींवर अडत्याचं नाव, गावाचं नाव, मालाची खूण काळ्या रंगानं उमटवायची असते. त्यासाठी पत्र्यात अक्षरं कापावी लागतात. इंग्रजी वाचायला शिकण्याआधी मी इंग्रजी कापायला शिकलो. ज्या अक्षराच्या पोटात भोक आहे, ते कापताना मधे एक बारीक दांडी सोडावी लागते, नाहीतर पोटच गळून पडतं. मला आजही कुठलं अक्षर दिसलं, की त्याचा उच्चार नंतर आठवतो, दांडी कुठं सोडायची ते आधी दिसतं.

त्या दिवसांतली सरकी ओळ ज्यानं पाहिली नाही, त्याला ती सांगून कळणार नाही. मधे गल्ली आणि एका हाताला सात दुकानांची सलग ओळ, प्रत्येकापुढे गाडीच्या उंचीचा रुंद सागवानी ओटा. गाडी मागे घेऊन ओट्याला लावली की पोतं सरळ आत. हंगामात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज दिवसभर थांबायचा नाही. सरकीचा तो गोडसर, तेलकट वास कपड्यांत, भाकरीत, झोपेतसुद्धा यायचा. आणि त्या सगळ्या गोंगाटात एक गोष्ट मुक्यानं चालायची, ती म्हणजे सौदा. अडत्या आणि खरीददार समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. तोंडानं हवापाण्याच्या गोष्टी चालू. बघणाऱ्याला रुमाल हललेला दिसायचा, एवढंच. भाव काय फुटला ते त्या दोन हातांना ठाऊक. नव्या बाजारात हे बंद केलं आहे, तिथं मोठ्यानं बोली लागते. चांगलंच झालं, शेतकरी फसायचा थांबला. पण इतकी वर्षं मी त्या रुमालांकडे लांबून पाहिलं आणि त्याखाली हात घालण्याची पाळी कधी आली नाही, ह्याची चुटपूट मला होती.

मग बाजार गेला. एका हंगामात अडती उठल्या, तराजू उतरले, गाद्या गुंडाळल्या. पुढच्या आश्विनात गल्लीत एकही गाडी आली नाही. ओट्यांवर कुत्री झोपू लागली. माझ्या पोटावर पाय आला होता, पण खरं सांगायचं तर मला पोटापेक्षा त्या ओट्यांचं जास्त वाईट वाटत होतं. तेवढं रुंद सागवान, तेवढी उंच छपरं, आणि कोणी खाली बसून काही करत नाही. मी तोवर पत्र्यांवरून पाट्यांवर आणि पाट्यांवरून नाटकाच्या पडद्यांवर गेलो होतो. राजवाडा, जंगल, रस्ता, असे पडदे. ते रंगवायला मला रिकामी देवळं आणि शाळांच्या पडव्या शोधत फिरावं लागे.

अकोल्याला एका कंपनीचे पडदे करायला गेलो होतो, तिथं डोक्यात उजेड पडला. अकोल्याचं ऊन काय सांगावं, रंग डब्यातून पडद्यापर्यंत जाईस्तोवर वाळायचा. म्हणून दुपारी काम बंद करून मी हिंडायचो. तिथं तांबटांची एक गल्ली होती. सगळे एका ओळीत बसून ठोकत होते. मी एकाला विचारलं, "एकमेकाचं गिऱ्हाईक नाही का तोडत?" तो हातोडी न थांबवता म्हणाला, "तोडतो न. पण तोडाले गिऱ्हाईक तं आलं पायजे. एकटा बसलो तं कोण येते?"

परतीच्या गाडीत मी त्या वाक्याला चिकटून बसलो. वरूडचा बागाईतदार असो नाहीतर नांदगावचा पाटील, लग्न ठरलं की तो अमरावतीला येतो. पत्रिका एका टोकाला छापतो, फोटोवाला दुसऱ्या टोकाला, बँड तिसरीकडे, मांडवाची फुलं चौथीकडे. दिवस जातो आणि टांग्याचा खर्च वेगळा. हे सगळं एका ओळीत बसवलं तर? गल्ली तर तयारच होती. फक्त ती माझी नव्हती.

ओळीची मालकी जमनाबाई सेठाणींची. त्यांचे यजमान वारले तेव्हा बाजार जोरात होता. बाजार गेला तेव्हा बाई एकट्या, मधल्या दुकानाच्या वरच्या माडीवर. एक ढेपवाला व्यापारी पूर्ण ओळ मागत होता. ओटे तोडून, मधल्या भिंती पाडून सरकीच्या ढेपेचं एकच गोदाम करायचं होतं त्याला. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तो बयाणा घेऊन येणार होता.

सेठाणी परपुरुषासमोर येत नसत. दाराला पडदा, पडद्याआड बाई, आणि पडद्याखाली त्यांची पावलं तेवढी दिसायची. मला तेवढी पुरेशी होती. मी माझी योजना सांगितली. भाड्याचा आकडा सांगितला. पडद्यामागून हसण्याचा आवाज आला.

"पेंटर, ढेपवाला एकदम देऊन राहिला. तू सात जागेहून गोळा करनार. सात में से तीन भाग जायेंगे."

"भागले तर मी भरीन."

"तेरे पास है क्या भरने को? रंग?"

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "सेठाणी, ढेपेचं गोदाम केलं तर वर माडीवर तुम्हाला उंदीर सोबतीला मिळतील. माझ्या योजनेत माणसं मिळतील. उंदरांशी बोलायची सवय असली तर माझं काही म्हणणं नाही."

मी पावलांकडे पाहिलं. ती आत जायला वळली नव्हती. मग त्या म्हणाल्या, आणि ह्या वेळी हसल्या नाहीत, "सेठजी असताना दसऱ्याले या ओळीत एकही दुकान बंद नसायचं. पहिला कापूस आला नसला तरी ओट्यावर दिवा अन तराजू. दो दसरे हो गये, मी खाली उतरली नाही. या दसऱ्याले मी उतरीन, इस टोक से उस टोक तक चलूंगी. सातही ओट्यांवर दिवा पायजे आणि काम चालू पायजे. एक भी बंद दिखा, तो दूसरे दिन ओळ ढेपवाले की."

मी बाहेर आलो तेव्हा पोळा व्हायचा होता.

तो पोळा ते दसरा हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर काळ. लोक मला विचारतात, अमुक साली पाऊस कसा होता. मला त्या सालचा पाऊस आठवत नाही. मला त्या सालचा चुना आठवतो. ओल्या भिंतीवर पहिला हात बसला की येणारा तो थंड वास. सागवानी ओटे घासताना त्यांच्या फटींतून निघालेली सरकी, मूठ मूठभर. ती चिमण्यांनाही नको होती.

पहिल्या आल्या अनसूयाबाई. नाटकवाल्यांचे आणि बँडवाल्यांचे पोशाख शिवणाऱ्या. नवरा गेल्यावर त्याचं मशीन घेऊन त्या बसल्या आणि नवऱ्यापेक्षा चांगलं शिवू लागल्या. जीभ कातरीपेक्षा धारदार. दुकान पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "पेंटर, तुमी भाडं सांगता तेव्हा डावा डोळा बारीक करता. आता दोन्ही उघडे ठेवून सांगा." मी सांगितलं. त्याहून खाली त्यांनी ठरवलं.

अकोल्याहून दस्तगीरचाचा आले. हार्मोनियमचे वैद्य. पेटी कानाशी धरून भाता दाबायचे आणि म्हणायचे, "इसको सर्दी हुई है." येताना आपलं अकोलाही बरोबर घेऊन आले. इथल्या चहाला अकोल्याच्या चहाची सर नाही, इथल्या उन्हाला दम नाही, इथल्या मिरचीला तिखट नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, "चाचा, एवढं आहे तर आले काहून?" ते शांतपणे पेटीतली धूळ फुंकत म्हणाले, "वहां सब अच्छा है. इसलिये मेरी शिकायत कोई सुनता नहीं." मग पायानं चालवायचं छापयंत्र आलं, त्याच्या खडखडाटानं ओळीला पुन्हा छाती आली. फोटोवाला आला, तो माझ्याकडून मागचा पडदा रंगवून घ्यायच्या अटीवर. कागदी फुलांचं आणि तोरणांचं एक कुटुंब आलं. तोंडाचं, म्हणजे मोठ्या रस्त्यालगतचं कोपऱ्यातलं दुकान मी माझ्यासाठी ठेवलं होतं. योजना माझी, खटपट माझी, कोपरा माझा. तीन रंगांत पाटी रंगवून मी ती लावूनही टाकली. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस आधी माझं नाव वाचणार होता. ते नाव लिहिताना मी अक्षरांत एकही दांडी सोडली नाही.

राहिलं एक शेवटचं दुकान. आणि राहिला बँड.

किसन मास्तर हे नाव तेव्हाही मोठं होतं. क्लॅरिनेट असं वाजवायचे की वराचा घोडा पाय मोजून टाकायचा. दोन वर्षांपूर्वी दसऱ्यालाच नागपूरला जाऊन त्यांनी आणि त्यांच्या वस्तीनं दीक्षा घेतली होती. त्याआधी तरुणपणी ते ह्याच सरकी ओळीत हमाल होते. मी पत्र्यात अक्षरं कापायचो तेव्हा ती उमटलेल्या गाठी त्यांच्या पाठीवर जायच्या. म्हणजे ओळख जुनी. मला वाटलं, हा सौदा सगळ्यात सोपा.

ते आले. पांढरा शर्ट, काळी टोपी. मी त्यांना ओळीच्या टोकापर्यंत नेलं आणि शेवटचं दुकान उघडून दाखवलं.

"कसं वाटते मास्तर?"

त्यांनी आत पाहिलंही नाही. "मले तोंडाचं पायजे."

"तोंडाचं माझं आहे."

"मंग राहू द्या."

मला वाटलं, भाव पाडतायत. मी भाडं उतरवलं. ते गप्प. मी म्हणालो, चुना मी लावून देतो. गप्प. पाटी फुकट रंगवून देतो, त्यावर सोनेरी क्लॅरिनेट काढून देतो. गप्प.

"मास्तर, बोला न काही. असा कसा सौदा करून राह्यले तुमी?"

"मी सौदा करून नाही राह्यलो, पेंटर. तुमी जे जे देऊन राह्यले, त्यातलं मी काहीच मागतलं नाही."

"तोंडाचं दुकान काहून पायजे पण? बँड तर कुठूनही ऐकू येते."

"मले माहीत आहे कुठून ऐकू येते." एवढं म्हणून ते वळले.

मी तापलो. भर गल्लीत मोठ्यानं म्हणालो की अमरावतीत बँडवाले काय एकच आहेत, परतवाड्याहून आणीन, अकोल्याहून आणीन. मागून दस्तगीरचाचांचा आवाज आला, "अकोले से मत लाओ, वो लोग दो दुकान मांगेंगे." सगळे हसले. मास्तर हसले नाहीत, आणि चालही बदलली नाही.

परतवाड्याचे आले नाहीत. दुसरेही आले नाहीत. मास्तरांनी नाकारलेलं दुकान घ्यायला कुठलाच बँड तयार नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. घट बसले, माळा चढू लागल्या, अंबादेवीच्या वाटेवर पहाटेपासून अनवाणी बायकांची रीघ लागली, आणि माझं सातवं दुकान रिकामं. मी जागा बदलून पाहिल्या, एकाचाच धंदा दोन ओट्यांवर पसरायचा हिशेब मांडला. पण सेठाणींना ओळ पाठ होती, असली चलाखी त्यांनी लगेच ओळखली असती. सातवा ओटा अंधारा दिसला असता, की सहाही जणांचं बिऱ्हाड दुसऱ्या दिवशी रस्त्यावर. माझ्या शब्दावर अनसूयाबाईंनी जुनी जागा सोडली होती. चाचांनी अख्खं अकोला सोडलं होतं.

खांडेनवमीला, म्हणजे आजच्याच दिवशी, मी ब्रश मांडून पूजेला बसलो होतो. शेजारी अनसूयाबाई कातरीला हळदकुंकू लावत होत्या. मी मास्तरांच्या हट्टाबद्दल बडबडत होतो. दुकान म्हणजे दुकान, पहिलं काय नि शेवटचं काय, असं काहीसं.

त्या कातरीवरून नजर न काढता म्हणाल्या, "पेंटर, तुमच्या गावात शेवटच्या घरायच्या पलीकडे कोण राहत होतं?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"आता मास्तर काही त्या गावात राहत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून शेवटचं घेत नसतील. मला आपलं वाटलं."

माझं अजूनही म्हणणं असं, की मी तसल्या मनानं ते दुकान दाखवलं नव्हतं. रिकामं होतं ते दाखवलं. माझ्या ठेवणीतल्या तक्रारींत ही एक आहे, की माझ्या मनात नसलेल्या गोष्टीची किंमत मी मोजली. पण त्या दिवशी मला एकदम आठवलं, की मास्तर माझ्याशी बोलत होते तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. पायांकडे पाहायचं राहूनच गेलं होतं. आईनं मला बाजारातून उठवून घरी पाठवलं असतं.

दुपारी मी मास्तरांच्या वस्तीत गेलो. लिंबाखाली तालीम चालू होती. बँडचे लाल कोट दोरीवर वाळत होते. मला पाहून मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं, खाट पुढे सरकवली, चहा सांगितला. ह्या वेळी मी आधी पायांकडे पाहिलं. ते रोवलेले होते.

"तोंडाचं दुकान घ्या," मी म्हणालो.

"आणि तुमी?"

"मी शेवटचं घेतो."

मास्तरांनी आलेला चहा माझ्यापुढे सरकवला. "त्याच्या बदल्यात काय पायजे?"

"काही नाही."

"पेंटर, तुमी अन काही नाही?"

मागे पोरं खिदळली. माझं डोकं पुन्हा तापू लागलं होतं, पण चहा चांगला होता. मी म्हणालो, "उद्या सकाळी ओट्यावर दिवा अन वाजवणं. एवढं करा. पाटी मी फुकट रंगवतो."

"पाटीचे पैसे घ्यावे लागतील. फुकट नाही पायजे." मग थांबून म्हणाले, "आणि दसऱ्याले आमी नागपूरले जातो. बडनेऱ्याहून दुपारची गाडी आहे."

"सेठाणी सकाळीच उतरतात."

"मंग सकाळी वाजवून जातो. पण दिवा तराजूपुढे लावणार नाही."

"सेठाणींनी दिवा पायजे म्हटलं आहे. कोणापुढे ते म्हटलं नाही."

ते पहिल्यांदा हसले. "तुमी लई बारीक ऐकता."

संध्याकाळी मी माझी पाटी उतरवली. तीन रंगांची पाटी खांद्यावर घेऊन कोपऱ्यापासून टोकापर्यंत चालत गेलो. सगळे आपापल्या ओट्यांवरून पाहत होते. चाचा एकटेच बोलले, "पेंटर, पाटी उलटी पकडी है. नाम नीचे है."

दसऱ्याची सकाळ. माझ्यासकट सहा ओट्यांवर पणत्या. मशीन चालू, छापयंत्र चालू, पेटीचा भाता चालू. टोकाच्या सातव्या ओट्यावर मी एक कोरा पडदा पसरून त्यावर उगाच आकाश रंगवत बसलो होतो, कारण आकाशाला लक्ष नसलं तरी चालतं. तोंडाच्या ओट्यावर मास्तर आणि त्यांची माणसं, पांढऱ्या कपड्यांत. लाल कोट त्यांनी त्या दिवशी घातले नव्हते. बुद्धाची छोटी तसबीर आणि तिच्यापुढे मेणबत्ती.

सेठाणी उतरल्या. डोक्यावरून पदर नाकापर्यंत. त्या मास्तरांच्या ओट्यापुढे थांबल्या, मेणबत्तीकडे पाहिलं. मग मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि मिरवणुकीची नव्हे, संथ, सकाळच्या उन्हासारखी एक धून सुरू केली. दोन वर्षं मुकी असलेली ओळ हळूहळू भरत गेली. सेठाणी त्या सुरांत एकेक ओटा पाहत चालत आल्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा म्हणाल्या, "तू तो पहले दुकान में था."

"सौदा झाला," मी म्हणालो.

"या ओळीत बिना रुमाल का सौदा नहीं होता, पेंटर."

त्यांनी माडीवरून सेठजींचा रुमाल आणवला. केशरी काठाचा, जुन्या अत्तराच्या वासाचा. अनसूयाबाई तो घेऊन मास्तरांच्या ओट्यावर आल्या, मला बोलावलं आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. काय दाबायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी त्यांचं पहिलं बोट दाबलं, म्हणजे पहिलं दुकान तुमचं. त्यांनी माझी करंगळी दाबली, म्हणजे शेवटचं तुमचं.

"बारा हंगाम पोती वाह्यली इथं," मास्तर हळूच म्हणाले. "रुमालाखाली काय चालते ते आज समजलं."

"काय चालते?"

"घाम येते हाताले."

मग ते दुपारची गाडी गाठायला निघून गेले. रुमाल माडीवर परत गेला. सेठाणींनी तो धुवायला टाकला की तसाच घडी करून ठेवला, मी विचारलं नाही. पुढच्या दसऱ्याला तोच रुमाल पुन्हा खाली आला, एवढं मात्र ठाऊक आहे. ढेपवाल्यानं गोदाम दुसरीकडे बांधलं.

आता ह्या गोष्टीला काही वर्षं झाली. लग्नसराईत गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. पाहुणे पत्रिकेसाठी येतात, फोटो ठरवतात, पोशाखाची मापं देतात, जाताना तोरणं बांधून नेतात. आणि सगळे विचारत येतात ते बँडगल्ली. मागे नगरपालिकेचे एक मेंबर येऊन भाषण करून गेले. गल्ली वसवल्याबद्दल त्यांनी किसन मास्तरांना हार घातला. मास्तर म्हणाले, "मी नाही, पेंटर," पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी ते अजून विसरलेलो नाही. मी ते रोज एकदा बोलून दाखवतो. चाचा म्हणतात, "बोलो, बोलो. अपने गांव में भी शिकायत सुननेवाला मिला, नसीबवाले हो."

एक गोष्ट मी बोलून दाखवत नाही. शेवटच्या दुकानामागे कापूस साठवायच्या आवाराची जुनी भिंत आहे, चांगली दोन माणसं उंच. त्या दसऱ्यानंतर आठवड्यानं मी मागचं दार उघडलं आणि उभाच राहिलो. त्या भिंतीवर पूर्ण पडदा उभा लागतो. घडी नाही, चुणी नाही. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा. कोपऱ्यातल्या दुकानात मला राजवाडा तुकड्या-तुकड्यानं रंगवावा लागला असता आणि वर सगळ्या रस्त्यानं डोकावून सल्ले दिले असते. इथं मी एकटा, भिंत, आकाश आणि लांबून येणारं क्लॅरिनेट. ते लांबूनच चांगलं वाटतं. माझ्या पडद्यांना अकोल्याहून मागणी येते ती त्या भिंतीमुळे.

मास्तर दसऱ्याला सोनं घेत नाहीत, देत नाहीत. म्हणून आमची भेट रुमालाखाली होते. दर दसऱ्याला सकाळी वाजवून झालं, की नागपूरला निघण्याआधी ते टोकापर्यंत चालत येतात. सेठाणी आता थकल्या आहेत, रुमाल खिडकीतून टाकतात, तो झेलून कोणीतरी टोकाला आणतं. सगळी ओळ बघायला जमते. मास्तर माझं पहिलं बोट दाबतात, म्हणजे तोंडाचं दुकान परत घ्या. मनापासून दाबतात. मी उलट त्यांचंच पहिलं बोट दाबतो, म्हणजे ते तुमचंच. मग रुमाल काढून मी सगळ्यांसमोर मान हलवतो आणि म्हणतो, "नाही जमत. मास्तर कोपरा सोडत नाहीत, काय करावं." मास्तर काही बोलत नाहीत. रुमालाखालचं बोलायचं नसतं, हा ह्या ओळीचा कायदा आहे, आणि तो त्यांना माझ्याहून चांगला माहीत आहे.

फक्त एक चूक मी केली. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या सुपारीला आम्ही दोघं वरूडला गेलो होतो. संत्र्याच्या बागेत सावलीला बसलो असताना मी त्यांना माझ्या आईची पायांची गोष्ट सांगितली.

उद्या दसरा. ब्रश वाळले. उद्या मास्तर येतील, रुमाल पडेल, आणि हात पुढे करण्याआधी ते एकदा खाली, माझ्या रोवलेल्या पायांकडे पाहतील.